पहिल्या कम्युनियनला काय घालावं

बाळा, पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या त्या दिवसासाठी नवं काही घेऊ नकोस. वसईच्या दमट हवेत जरीची कडक साडी नेसलीस तर मिस्साभर, म्हणजे चर्चमधली उपासना संपेपर्यंत, लक्ष पदरावरच राहील. धुतलेला, इस्त्रीचा सुती कुर्ता पुरे. खांदे-गुडघे झाकलेले असू देत. आजी तिचं लाल लुगडं रविवारसाठी वेगळं घडी घालून ठेवायची. जुनंच, पण स्वच्छ.

घरी गुडघे टेकून बघ, कपडा ताणतो का ते तिथेच कळतं.

बाह्यांचं मात्र नीट ऐक. ख्रिस्तप्रसाद हातावर घेताना डावा तळवा उजव्यावर ठेवायचा, ‘आमेन’ म्हणायचं, मग उजव्या हाताने ओस्ती, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची ती पातळ भाकर, तिथेच मुखात घालायची. लोंबती बाही तळव्यावर येते, कण तिच्यात अडकू शकतो. ते ख्रिस्ताचं शरीर आहे, म्हणून मी लोंबत्या बाहीला ठाम नाही म्हणते. खुळखुळणाऱ्या बांगड्याही त्या दिवशी घरीच ठेव.

कम्युनियनआधी तासभर उपास, पाणी चालतं. आणि पाऊस असला तर पांढरी सलवार नको, वाटेतला चिखल तिच्यावर उडतोच.