सहकाऱ्यांची रजा माझ्या नावावर चढेल का?

प्रश्न : मी पंचायत समितीत कनिष्ठ सहाय्यक आहे. पत्नी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग निघाला आहे. मुंबईत निदान आठ महिने उपचार चालतील. माझी अर्जित (पूर्ण पगाराची) रजा ६४ दिवस शिल्लक आहे, अर्धवेतनी ११०. कार्यालयातले अकरा जण प्रत्येकी पाच दिवस द्यायला तयार आहेत. परदेशात असं चालतं म्हणे. आपल्याकडे जमेल का? (नाव छापू नये.)

उत्तर : नाही जमणार. पंचावन्न दिवस समोर दिसत असताना हे लिहिणं जिवावर येतं. पण महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये एकाच्या खात्यातले दिवस दुसऱ्याच्या खात्यात टाकायची सोयच नाही. नवरा-बायकोतसुद्धा नाही.

परदेशाचं ऐकलंत ते खरं आहे. फ्रान्समध्ये २००९ साली बाटलीबंद पाण्याच्या एका कारखान्यात, मातीस नावाच्या आजारी मुलाच्या वडिलांना सहकाऱ्यांनी १७० दिवस दिले. त्यावरून मे २०१४ मध्ये कायदा झाला आणि २०१५ मध्ये तो नगरपालिकांच्या नोकरांनाही लागू झाला. रजा देणाऱ्याचं नाव उघड करायचं नाही, आणि देणाऱ्याने स्वतःची वीस दिवसांची वार्षिक रजा आधी भोगायची, या त्यातल्या दोन अटी मला फार शहाणपणाच्या वाटतात. आपल्याकडे अर्जित रजेची ३०० दिवसांची मर्यादा गाठलेल्यांच्या खात्यात जानेवारी-जुलैला पंधरा-पंधरा दिवस येतात आणि वापरले नाहीत तर बुडतात. एकतीस वर्षं आस्थापनेच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या रजा-सेवेच्या नोंदींच्या, टेबलावर बसून मी हे बुडालेले दिवस लिहिले. असा दान रजेचा निधी उभा करायचाच तर तो यातूनच करावा, असं माझं मत. असो.

आता तुमचं. जुलै २०१८ च्या शासन निर्णयानुसार महिला कर्मचाऱ्याला मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत, संपूर्ण सेवेत १८० दिवस बालसंगोपन रजा मिळते. मात्र एका वर्षात दोन महिन्यांपेक्षा जास्त नाही. शिक्षिकांनाही ती आहे. वडिलांना फक्त पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तरच. म्हणून पहिले दोन महिने वहिनींनी जावं, तुम्ही कामावर राहा. नंतर तुमची अर्जित, मग अर्धवेतनी. ६०, ६४ आणि ११० मिळून २३४ दिवस होतात. मध्ये १ जानेवारी किंवा १ जुलै आली की १५ अर्जित आणि १० अर्धवेतनी जमा होतील, तेवढ्यात आठ महिने निघतात. अर्धवेतनीत हातात निम्मं पडतं आणि पतसंस्थेच्या कर्जाचा हप्ता मात्र पूर्ण कापला जातो, त्याची तजवीज आजच करा. परिवर्तित रजेचं, म्हणजे अर्धवेतनीचे दोन दिवस मोडून पूर्ण पगाराचा एक घेण्याचं, कुणी सुचवेल. ती तुमच्या स्वतःच्या आजारपणाच्या दाखल्यावर मिळते, मुलीच्या नव्हे. त्यापलीकडे लागलंच तर, कायम असाल तर, अनर्जित रजा (पुढे जमा होणाऱ्या अर्धवेतनीतून उसनी) मागा. बिनपगारी असाधारण रजा अगदी शेवटी.

आणखी एक. ‘तू जा रे, मस्टरवर सही आम्ही बघतो,’ असं कुणीतरी प्रेमाने म्हणेलच. ऐकू नका. आमच्याकडे एकाचे वडील दवाखान्यात होते, तेव्हा हजेरीपटावर त्याच्या सहीतला ‘प’ रोज वेगळ्या बाजूला कलायचा. मी पाहिलं आणि पान उलटलं. साहेबांची अचानक भेट झाली, सहा जणांना नोटिसा निघाल्या. चौकशीसाठी सेवापुस्तक काढलं, तर त्या बिचाऱ्याची ४१ दिवस अर्जित रजा शिल्लक निघाली. तीन वर्षं रजेचा हिशेबच लिहिलेला नव्हता, म्हणून त्याला सांगितलं गेलं होतं की काही नाही. ते टेबल माझं होतं.

तेव्हा तुमचा ६४ चा आकडा तोंडी आहे की सेवापुस्तकातला, ते उद्याच पाहा. प्रत्येक नोंदीखाली साहेबांची सही हवी.

त्या अकरा जणांना दुसरं काम द्या. या उपचारात प्लेटलेट्स वारंवार लागतात. प्रत्येकाने आपली एक किरकोळ रजा टाकून मुंबईला जावं. फक्त रुग्णालयाच्या रक्तपेढीला आधी फोन करून रक्तगट आणि तारीख विचारून घ्या, आणि सगळ्यांना एकाच दिवशी नेऊ नका. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात.