मधल्या नंबरची कुस्ती

चिरंजीव पट्ठ्यास,
अनेक आशीर्वाद.

सप्टेंबर २०२३ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईनं, म्हणजे टीव्हीवर कुस्तीचे खेळ दाखवणाऱ्या अमेरिकी कंपनीनं, डॉल्फ झिगलर या पैलवानाला कामावरून काढल्याची बातमी आली, तेव्हा तू तालमीच्या कट्ट्यावर मोबाईल धरून बसला होतास. "वस्ताद, १९ वर्षं एकाच कंपनीत काढली आणि शेवटपर्यंत मधल्या फळीतच राहिला. फुकटच गेलं की सगळं," असं म्हणालास. मी "दूध पी आणि झोप" म्हणून उठून गेलो. ते माझं चुकलं. त्या प्रश्नात तूही होतास, हे मला उशिरा कळलं. आता जत्रेच्या पोस्टरवर तुझी कुस्ती सहाव्या नंबरला लागली आणि चार दिवस तू तालमीकडं फिरकला नाहीस, म्हणून हे पत्र.

माझं उत्तर आधीच सांगतो. झिगलर यशस्वी झाला. त्याच्यावर अन्यायही झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीनं दुसरी पुसली जात नाही.

आपल्या मातीत पाठ लागली की विषय संपला. डब्ल्यूडब्ल्यूईत निकाल आधी ठरतो, मग लढत होते. त्यामुळं झिगलर किती वेळा हरला याचा हिशेब धरून बसू नकोस. हरणं हे त्याला नेमून दिलेलं काम होतं. ते त्यानं कसं केलं ते बघ. त्या रिंगमध्ये वरती कापड, त्याखाली बोटभर फोम आणि खाली लाकडी फळ्या असतात. त्यावर पडायचं तर हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, पाठीचा वरचा भाग आणि दोन्ही हात एकाच वेळी टेकवायचे. जरा चुकलं की डोकं आपटतं. हा माणूस आठवड्यातून कित्येकदा असा पडला, आणि असा पडला की समोरच्याची साधी लाथसुद्धा घोड्याची लाथ वाटावी. तालमीत मोठ्या पैलवानाला रोज लढत देणारी पोरं तू बघितली आहेस. मैदानात नाव मोठ्याचं होतं, पण त्याची तयारी त्या पोरांच्या अंगावर झालेली असते. झिगलरनं तेच काम हजारो लोकांसमोर केलं.

आणि तो काही नुसता दिखाऊ गडी नव्हता. ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठाकडून मॅटवरची खरी कुस्ती खेळलेला. २००४ मध्ये कंपनीनं घेतला आणि पुढच्या वर्षी त्याला काम काय दिलं, तर दुसऱ्या एका पैलवानाच्या गोल्फच्या काठ्या उचलायचं. २००६ मध्ये स्पिरिट स्क्वॉड नावाच्या पाच चीअरलीडर पोरांत त्याला घातलं. जोडीचा किताब त्यांना मिळाला, पण वर्षाच्या शेवटी त्या पाचही जणांना एका लाकडी खोक्यात कोंबलेलं दाखवलं. खोक्यावर पत्ता होता लुईव्हिल, केंटकीचा. तिथं कंपनीची शिकाऊ पोरांची शाळा होती. म्हणजे सगळ्या जगासमोर 'जा, परत शिकून ये' असं सांगितलं. त्या खोक्यातून बाहेर पडून २००८ मध्ये तो डॉल्फ झिगलर या नव्या नावानं परत आला. कितीजण आले असते?

तुला तो प्रसंग दाखवायचा राहिला, तो आता लिहून सांगतो. ८ एप्रिल २०१३, न्यू जर्सी. रेसलमेनिया या कंपनीच्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशीची रात्र. आदल्या जुलैपासून झिगलर एक ब्रीफकेस घेऊन फिरत होता. ती ज्याच्याकडं असते त्याला चॅम्पियनशी कधीही लढत मागता येते. चॅम्पियन अल्बर्तो डेल रियो एक लढत संपवून पाय धरून पडलेला. झिगलरचं संगीत वाजलं आणि ते सभागृह ज्या आवाजात उठलं, तसा आवाज मी टीव्हीवर क्वचितच ऐकलाय. त्याला तिथं खलनायक म्हणून उभा केला होता, तरी लोक त्याच्यासाठी घसा फाडून ओरडत होते. डेल रियोनं हात मुरगळून धरला, यानं दुखऱ्या पायावर घाव घातले, शेवटी मागून मानेला धरून खाली आणलं. एक, दोन, तीन. वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन. २०११ मध्येही हा किताब त्याच्या हातात आला होता, पण त्याच कार्यक्रमात काही मिनिटांत गेला. हा खरा.

तो टिकला ६९ दिवस. मे महिन्यात लढतीत डोक्याला लाथ बसून मेंदूला मार लागला, आठवडेच्या आठवडे बाहेर बसावं लागलं, आणि १६ जूनला शिकागोजवळ डेल रियोनं त्याच डोक्याला लक्ष्य करत किताब परत नेला. त्यानंतरच्या १० वर्षांत डब्ल्यूडब्ल्यूईच्या मुख्य कार्यक्रमांत सगळ्यात वरचा किताब त्याला पुन्हा दिला नाही. याचं मला अजून वाईट वाटतं. त्या रात्रीचा आवाज कुणी पढवून आणलेला नव्हता. किताब कंपनीचा, पण तो आवाज त्याचा होता, आणि कंपनीनं तो ऐकून सोडून दिला. ही दुखावणारी गोष्ट आहे. "समाधान मान" असं मी त्याला म्हणणार नाही आणि तुलाही म्हणणार नाही.

बाकीची यादी तुला पाठ आहे. मधल्या फळीचे किताब, इंटरकॉन्टिनेंटल सहा वेळा, युनायटेड स्टेट्स दोन वेळा. २०१४ च्या सर्व्हायव्हर सिरीज या कार्यक्रमातल्या संघांच्या लढतीत त्याच्या संघातला शेवटचा उरलेला तोच. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते २०२२ चं. ४० पार केलेला झिगलर मार्चमध्ये एनएक्सटीत, म्हणजे शिकणाऱ्या पोरांच्या रिंगमध्ये गेला, तिथला किताब जिंकला, ब्रॉन ब्रेकर नावाच्या तरण्या पोराबरोबर लढला आणि ४ एप्रिलला त्याच्या हातून पडून किताब त्याच्या कमरेला बांधून आला. एक महिन्याचं काम. विश्वास नसलेल्या माणसाकडं असं काम कुणी देत नाही.

आणि सोडल्यावर? निक नेमेथ या स्वतःच्या खऱ्या नावानं २०२४ च्या फेब्रुवारीत त्यानं जपानमध्ये सापोरोत तिथल्या कंपनीचा आयडब्ल्यूजीपी ग्लोबल किताब जिंकला, आणि जुलैत माँट्रियलला टीएनए या दुसऱ्या अमेरिकी कंपनीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. वय ४४ ला टेकलेलं. १९ वर्षं पडूनही अंग शाबूत राखल्याशिवाय हे होत नाही. त्याबद्दल मी त्याला मानतो. मधल्या काळात स्टँड-अप कॉमेडीही करत होता, म्हणजे पोटाला दुसरी वाट ठेवली होती. तूही पोलीस भरतीचा अर्ज भर. त्यानं कुस्ती कमी होत नाही.

आता तुझं. मीही उभ्या आयुष्यात चौथ्या-पाचव्या नंबरच्या वर लढलो नाही. एका गावच्या कमिटीनं तर माझं नाव पोस्टरवर चुकीचं छापलं आणि ठरलेल्या इनामातले अर्धेच हातावर टेकवले. त्या रात्री एसटीत मी रडलो होतो, हे तुला कधी सांगितलं नाही. पण दुसऱ्या वर्षी त्याच मैदानात म्हातारी माणसं माझ्या कुस्तीला उठून पुढं येऊन बसली. ते मी अजून जपून ठेवलंय.

तरी एक कडक शब्द. मधल्या नंबरला राहणं हा मोठेपणा समजू नकोस. झिगलरच्या तयारीत खोट नव्हती, वरच्यांनी ठरवलं म्हणून तो मध्ये राहिला. तुझा दम सातव्या मिनिटाला तुटतो, म्हणून तू सहाव्या नंबरला आहेस. हे दोन वेगळे प्रकार. तुझ्यावर अन्याय झाला असता तर मी स्वतः कमिटीसमोर जाऊन बसलो असतो.

सोमवारी पहाटे साडेचारला ये. खुराकाचे पैसे घरून मागू नकोस, माझ्याकडं ठेवलेत. धाकटी चार पोरं ढाक हा डाव शिकायला लागलीत आणि त्यांना अजून अंदाज नाही, समोरच्याला नीट खाली आणता येत नाही. आठवडाभर त्यांच्या हातून तू पडायचंस. मान सांभाळून.

तुझा,
वस्ताद