आईची कंबर दुखते. मोबाईलवरची माहिती आणि तसाच त्रास असलेल्या बायकांचा ग्रुप, याचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की आई ५२ वर्षांची आहे, जालन्याकडे खेड्यात राहते, कंबर बऱ्याच दिवसांपासून धरलेली आहे आणि तुमचा भाऊ म्हणतो, "मोबाईल बघून कुणाची कंबर बरी झालीय का?" भावाचं हे वाक्य वाचलं आणि राहवेना, म्हणून लिहायला बसले. हेच वाक्य मी आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या तोंडून कितीदा ऐकलंय.

उपयोग होतो. कशाचा होतो ते माझ्यावरूनच सांगते.

मी लातूरची, घरी शिवणकाम करते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते साऱ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. पण रेल्वे स्टेशनापर्यंत आणि टँकर गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथून घरातल्या पिंपापर्यंत पाणी बायकांच्याच कमरेवर यायचं. त्यात एकदा भरलेली घागर उचलताना कमरेत अशी कळ निघाली की ती डाव्या पोटरीपर्यंत उतरली. घागर तिथंच आडवी झाली. त्या उन्हाळ्यात सांडलेल्या पाण्याचं दुःख आधी झालं, कमरेचं नंतर.

घरात निदान तयारच होतं. धाकट्याच्या वेळी माझं सिझर झालं, तेव्हा पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं होतं. "त्या सुईनंच कंबर गेली हिची," अक्का म्हणाल्या (जाऊबाईंना आम्ही अक्काच म्हणतो), आणि सासूबाईंसकट सगळ्यांनी मान डोलावली. आमच्याकडे कुठल्याही बाईला विचारा, हेच ऐकायला मिळेल. ते खरं नाही. सुई टोचली ती जागा काही दिवस ठणकते, पण वर्षानुवर्षांची कंबरदुखी त्या इंजेक्शनाने होत नाही. ज्यांनी ते कधी घेतलंच नाही त्यांच्याही कमरा दुखतातच की. या समजुतीपायी पोरी बाळंतपणाच्या टेबलावर त्या सुईला घाबरतात, म्हणून इतकं ठासून लिहिते.

मग एमआरआय झाला. एल-४, एल-५ ला डिस्क बल्ज, म्हणजे कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली चकती फुगून बाहेर आलेली, आणि नसेवर दाब, असं लिहून आलं. ज्या दवाखान्यात दाखवलं तिथं फिल्म उजेडाकडे धरली आणि सांगितलं, मणक्यात गॅप आलाय, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, पट्टा काढायचा नाही, ऑपरेशनचं बघा, नाहीतर पाय लुळा पडेल. विचारायला तोंड उघडेपर्यंत पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं होतं.

घरी आल्यावर अक्कांनी शिलाई मशीनवर चादर टाकली आणि मला फळीवर झोपवलं. माझं सगळं त्यांनी मायेनं केलं, जेवणाचं ताट हातात आणून दिलं, हे मी आजही म्हणते. पण पडून पडून कंबर आणखी आखडली. न्हाणीघरापर्यंत जायचं तरी भिंत धरावी लागायची. रात्री सगळे झोपले की मी मोबाईलवर 'मणक्यात गॅप' असं शोधायची आणि समोर यायचं काय, तर पाठ उघडून स्क्रू बसवतानाचे व्हिडिओ, नाहीतर 'सात दिवसांत गॅप भरा' म्हणणारं तेल. मोबाईलवरची माहिती म्हणजे तुमच्या भावाला हेच दिसत असेल तर त्याचा राग मला कळतो.

फरक पडला तो एका व्हॉइस मेसेजनं. औशाकडची एक बाई, बचत गटामुळे ओळखीची. तिलाही असंच होऊन गेलेलं. तिला लिहिता येत नाही, म्हणून तिनं गोठ्यात उभं राहूनच बोलून पाठवलं, मागं म्हैस हंबरत होती. "माय, तू उताणीवरून सरळ उठायलीस, म्हणून कळ निघायलीय. आधी कुशीवर हो. गुडघे पोटाकडं घे. आता पाय खाटेच्या खाली सोड आन् त्याच टायमाला खालच्या कोपराचा रेटा दे. श्वास धरून ठिवू नको. दुखंल, पर तुटत काय नाही आतमधी. मी बी असंच उठले, आता धारा काढायलेय." मी मोबाईल उशाशी ठेवला, तो मेसेज पुन्हा लावला आणि ती सांगेल तसं केलं. उठले. भिंत न धरता.

'तुटत काय नाही आतमधी' हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

तिनंच एका फिजिओथेरपिस्ट ताईंचा नंबर दिला. त्यांनी व्हिडिओ कॉलवर मला टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर, पायाचा अंगठा वर ओढायला लावला, लघवी-संडासाचं नीट विचारलं. पायातली ताकद शाबूत आहे हे बघून मग म्हणाल्या, रिपोर्टला एवढं घाबरू नका. कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीच्या माणसांचे एमआरआय काढले तर शंभरातल्या साठेक जणांत बल्ज दिसतो. वयानं केस पिकतात तसंच ते आहे. बाहेर आलेली चकतीसुद्धा पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आक्रसते. मी हे अक्कांना जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "फोनवरची डॉक्टरीण!"

त्या फोनवरच्या होत्या, पण बरोबर होत्या. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी, म्हणजे तीन महिन्यांच्या वर टिकलेली आणि जिच्या मागं दुसरा आजार सापडत नाही अशा दुखण्यासाठी, सूचना काढल्या. त्यात पेशंटला नीट समजावून सांगणं आणि व्यायाम हे उपचार म्हणून सांगितलेत. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन, म्हणजे कंबर ओढून ताणणं, सरसकट देऊ नका म्हणून सांगितलंय. आणि मला काय मिळालं होतं? पट्टा मिळाला, समजावणं मिळालं नाही.

हळूहळू औशाच्या बाईचे मेसेज ऐकणाऱ्या आम्ही आठ-दहा जणी झालो. कुणी सोयाबीन काढणारी, कुणी अंगणवाडीतली, एक जण ऊसतोडीहून परत आलेली. हा ग्रुप म्हणजे तुमच्या प्रश्नातला ग्रुप. इथं व्यायामाचे नावाजलेले व्हिडिओ कमी आणि सोय जास्त असते. व्हिडिओतली बाई गुळगुळीत फरशीवर चटई टाकून झोपते. आमच्यातल्या एकीचं घर एका खोलीचं, ओसरीवर सासरे बसलेले, ती पाय वर कुठं करणार? तिला दुसरीनं सांगितलं, पहाटे चुलीला जाळ घालायच्या आधी पाच मिनिटं कर, किंवा शेतात बांधावर उभ्यानं कर, कंबरेवर हात ठेवून मागं वाक. 'वाकू नका' हा सल्ला तर मला बिनकामाचा वाटतो. खुरपणारी, झाडणारी, सारवणारी बाई वाकणार नाही तर काय करणार? वाकायला पुन्हा शिकवा तिला. मी अर्ध्या घागरीपासून सुरुवात केली. मशीनवर बसले की एक ब्लाऊज झाला की उठून अंगणात फेरी, हे औशाच्या बाईनं लावून दिलेलं. मशीनवरची चादर मी स्वतः काढली.

आता अक्कांचं म्हणणं. "बायका मोबाईलवर एकमेकींजवळ रडत बसतात, रडून दुखणं वाढतं." तुमचा भाऊही हेच म्हणेल. माझं सरळ उत्तर आहे: घरात बाईची कंबर दुखते म्हटलं की एक तर नाटक ठरतं, नाहीतर तिला कायमची निकामी ठरवून फळीवर टाकतात. या दोन्हीच्या मधलं, म्हणजे दुखतंय हेही खरं आणि तुला जमेल हेही खरं, असं बोलणारं घरात कुणी नसेल तर बाई बाहेर शोधणारच. आणि ग्रुपमध्ये आम्ही रडतोच की. रडून झाल्यावर एक जण विचारते, आज चाललीस का? अक्कांनी कधी ते विचारलं नाही. त्यांना वाटायचं, न विचारणं हीच माया.

अर्थात ज्या ग्रुपमध्ये नुसतंच 'माझंही तसंच, काही फरक नाही' चालतं, तिथून आईला बाहेर काढा, माणूस खचतो. हजार-हजार माणसांच्या ग्रुपात तर घालूच नका, तिथं तेलवालेच जास्त. आमच्यात गोळीचं नाव सांगायला बंदी आहे. एकीनं पाकिटाचा फोटो टाकला आणि दुसरीनं मेडिकलमधून तीच गोळी आणली, तिला आधीच बीपी आणि किडनीचा त्रास, तेव्हापासून. एकीनं पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या माणसाची लाथ कमरेत मारून घ्यायला सुचवलं होतं. हाडं ठिसूळ झालेल्या वयात असलं काही करू नका.

कुठला चॅनेल ते विचारलंत, नाव सांगत नाही. आईच्या बोलीत बोलणारा, स्वतः फिजिओ किंवा डॉक्टर असलेला आणि काही विकत नसलेला निवडा. आईकडे स्वतःचा फोन नसेल तर आधी तो द्या. भावाच्या फोनवर ती मोकळी बोलणार नाही.

आणि हे ग्रुपच्या आधी बघा: लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद कमी व्हायला लागली, तर मेसेज नाही, सरळ मोठा दवाखाना, त्याच दिवशी. आमच्यातल्या एकीला असं झालं, तिचं ऑपरेशन करावंच लागलं आणि ते वेळेत झालं म्हणून ती आज चालते. ताप, वजन उतरणं, रात्री पडल्या जागी वाढणारं दुखणं असेल तर मणक्याच्या टीबीची तपासणी करा, आपल्याकडे तो कमी नाही. तालुक्याला जाणं जमत नसेल तर ई-संजीवनीवर सरकारी डॉक्टरांशी फोनवरून मोफत बोलता येतं.

खेड्यात कंबरदुखीला पुड्या देतात, दोन दिवसांत गुण येतो म्हणून बायका महिनोन् महिने घेतात. त्यांत कधी कधी स्टेरॉईड असतं. आई तसली पुडी बरेच दिवस घेत असेल तर तुम्ही घरच्या घरी एकदम बंद करू नका, पुडी घेऊन डॉक्टरकडे जा आणि ते सांगतील तशी कमी करा.