वजन कुठून कमी करायचं?

प्रश्न : ताई, मी कोथरूडचा, वय २८. गिर्यारोहणाचा ॲडव्हान्स कोर्स झालाय, सह्याद्रीत सात वर्षं क्लाइंबिंग करतोय. पुढच्या मोसमात मी आणि माझा मित्र, दोघंच गंगोत्री भागातलं शिवलिंग शिखर अल्पाइन स्टाइलने करायचं म्हणतोय. आधीच बांधून ठेवलेल्या दोऱ्या (फिक्स रोप) नाहीत, वरचे कॅम्प नाहीत, शेर्पा नाहीत. सहा दिवसांचं सामान प्रत्येकी १४ किलोत बसवायचंय. गॅसचे दोन डबे काढले तर बसतं. चालेल का?

उत्तर : नाही चालणार. डबे आधी सॅकमध्ये परत टाक, मग पुढचं वाच.

वर गॅस जातो तो पाण्यासाठी. तंबूच्या दारातला बर्फ खरवडून भांडं शिगोशीग भरायचं. वितळला की तळाशी चार घोट. पुन्हा भरायचं. आधी घोटभर पाणी तळाशी ठेवलं नाही तर भांडं नुसतंच तापतं आणि पाण्याला करपट वास लागतो. दोघांच्या बाटल्या भरेपर्यंत दोन-तीन तास जातात, आणि दिवसभर चढून आल्यावर डोळे मिटत असतात. त्याच गंगोत्री भागातल्या एका शिखरावर आम्ही दोघी होतो. निघताना एक डबा मीच बेस कॅम्पला काढून ठेवला होता. तिसऱ्या रात्री ज्योत मण्याएवढी झाली. डबा जॅकेटमध्ये छातीशी धरून ऊब दिली, तरी अर्धी बाटलीच भरली. सकाळी माझ्या जोडीदारणीला क्रॅम्पॉनचा, म्हणजे बुटाखालच्या खिळ्यांच्या सांगाड्याचा, पट्टा ओवता येईना. शिखर समोर होतं, आम्ही उतरलो. आजही मला तो पट्टा चाचपडणारा तिचा हात आठवतो.

१९७५ मध्ये जो टास्कर आणि डिक रेनशॉ हे ब्रिटिश गिर्यारोहक दोघंच गढवालमधल्या ७०६६ मीटरच्या दुनागिरी शिखरावर गेले. शिखर झालं, पण उतरताना इंधन संपलं, म्हणजे पाणीही संपलं. रेनशॉच्या बोटांना हिमदंश झाला.

मग वजन कुठून काढायचं? वेळेतून. बिलेवर, म्हणजे जोडीदाराची दोरी सांभाळत थांबायच्या जागी, अदलाबदलीला तुम्हाला वीस मिनिटं लागत असतील तर ती पाचवर आणा. पंधरा-वीस रोपलेंथवर (दोरीच्या लांबीएवढ्या टप्प्यांवर) मिळून तासन् तास वाचतात, कदाचित एक रात्रसुद्धा. हे खंडाळ्याच्या ड्यूक्स नोज कड्यावर घोटता येतं. बर्फाचं मात्र पुण्यात नाही जमणार. २१ सेंटिमीटरच्या आइस स्क्रूने (बर्फात फिरवून बसवायची पोकळ नळी) बर्फात दोन तिरपी भोकं आत एकमेकांना भिडवायची, त्यातून दोरीचा तुकडा ओवून रॅपल करायचं, म्हणजे दोरीवरून खाली उतरायचं. स्क्रू आपल्याकडेच राहतो, म्हणून थोडे नेले तरी भागतं. पण ही भोकं हातमोजे घालून, अंधारात, पहिल्या फटक्यात भिडायला हवीत.

कोणत्या बाजूने जाणार ते तू लिहिलंच नाहीस, आणि सगळं त्यावर आहे. १९७४ मध्ये आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या) जवानांनी शिवलिंग पहिल्यांदा सर केलं ते पश्चिम धारेने. तिथे माथ्याखाली लोंबता हिमकडा आहे, त्याच्याखालून ऊन लागायच्या आत निघायचं. पूर्वेच्या पिलरला, म्हणजे खांबासारख्या उभ्या कड्याला, १९८१ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉटसह चौघांना १३ दिवस लागले. तेव्हा सहा दिवस कशाच्या आधारावर धरलेत? आणि आधी शेजारच्या सोप्या उतारांवर ५५०० मीटरच्या आसपास दोन-तीन रात्री झोपून या. नुसतं शिवलिंगच्या पायथ्याशी तपोवनात बसून शरीर तयार होत नाही.

सध्या एवढं करा. पूर्ण सॅक भरून तैलबैल्याला जा, कड्यावरच्या एखाद्या अरुंद पट्टीवर दोरीला बांधून घेऊन दोघं रात्र काढा आणि पहाटे अंधारातच पुढे चढा. मग रूट ठरवून मला परत लिही.