वेई नेमके किती? चीनच्या मधल्या शतकांतली नावे

हान साम्राज्य इ.स. 220 मध्ये संपले आणि 589 मध्ये सुई सम्राटाने उत्तर व दक्षिण चीन पुन्हा एका छत्राखाली आणला. मधल्या 369 वर्षांविषयी वाचकांनी पाठवलेले बहुतेक प्रश्न घटनांचे नाहीत, नावांचे आहेत. मला ते योग्यच वाटते. या काळात नाव चुकले की माणूस चुकीच्या शतकात जाऊन पडतो.

प्रश्न : पुस्तकात ‘वेई घराणे’ असे लिहिलेले असते, पण सम्राटांचे आडनाव त्साओ. मग वेई हे कोण?

वेई हे कोणाचेही आडनाव नाही. मौर्य, यादव, भोसले असे आपण राज्यकर्त्यांच्या कुळावरून राज्य ओळखतो. चीनमध्ये नवा सम्राट राज्यालाच नाव द्यायचा, आणि बहुधा ते त्याला आधी मिळालेल्या किताबातून यायचे. हान दरबारातला बलाढ्य सेनापती त्साओ त्साओ याला हान सम्राटाने 216 मध्ये ‘वेईचा राजा’ केले होते. त्याचा मुलगा त्साओ पी 220 मध्ये सम्राट झाला, तेव्हा राज्याचे नाव ‘वेई’ ठेवले. ल्यू यू सुद्धा आधी ‘सुंगचा राजा’ होता, मग 420 मध्ये सुंग राज्याचा सम्राट झाला.

हे किताब जुन्या, मानाच्या प्रदेशांचे असल्यामुळे तीच नावे फिरून फिरून येतात. म्हणून अभ्यासक पुढे आडनाव जोडतात: 420 ते 479 चे ते ल्यू-सुंग, आणि 960 ते 1279 चे प्रसिद्ध सुंग ते जाओ-सुंग. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

खरी कसोटी लागते ती उत्तरेतल्या वेईपाशी (386–534). ‘उत्तर वेई’, ‘उत्तरकालीन वेई’, ‘तोबा वेई’ आणि ‘युआन वेई’ ही एकाच राज्याची चार नावे आहेत. राजकुळ तोबा, सम्राट श्याओवनने 496 मध्ये ते आडनाव बदलून चिनी वळणाचे ‘युआन’ केले. ते स्वतः मात्र आपल्या राज्याला ‘महान वेई’ एवढेच म्हणत. बदामीच्या चालुक्यांना आपण बदामीचे आहोत हे सांगायची गरज कधी पडली नसेल. ती कल्याणीचे चालुक्य होऊन गेल्यावर आपल्याला पडली. तसेच हे.

मराठीत ‘घराणे’ हा शब्द रुळला आहे, तो मी टाकणार नाही. फक्त चीनच्या बाबतीत तो वाचताना मनात ‘राज्यनाम’ असे म्हणावे.

प्रश्न : तीन राज्यांपैकी एकाला कुठे ‘शू’, कुठे ‘शू-हान’ म्हटलेले दिसते. बरोबर कोणते?

तीन राज्ये म्हणजे हान बुडाल्यावरची वेई, शू आणि वू. यातल्या शूचा संस्थापक ल्यू बेई याला विचारले असते तर तो ‘हान’ म्हणाला असता. आपण बुडालेल्या हान साम्राज्याचेच वारस आहोत, हाच तर त्याचा दावा होता. शू हे आजच्या सिचुआन भागाचे जुने नाव. ‘शू’ म्हटले की सम्राट क्षणात एका प्रांताचा मालक होतो. इतिहासकार छन शौ मूळचा तिथलाच, त्या दरबारात नोकरी केलेला; पण त्याने इतिहास लिहिला तो जिन राजवटीत. जिनला सत्ता वेईकडून मिळालेली, म्हणून वेईला खरे सम्राट मानणे त्याला भागच होते. ल्यू बेईला त्याने ‘पहिला स्वामी’ म्हटले, सम्राट नाही. पुढे बाराव्या शतकात जू शी या तत्त्वज्ञाच्या परंपरेने हा निकाल फिरवला आणि शू-हानला खरे वारस ठरवले. ‘शू-हान’ या जोडनावात दोन्ही बाजू राहतात, म्हणून मी तेच वापरतो.

प्रश्न : जिन राजवट 265 ला सुरू झाली की 266 ला?

266 ला. राज्यारोहण चिनी वर्षाच्या बाराव्या महिन्यात झाले. ते चिनी वर्ष बहुतांशी 265 मध्ये येत असल्याने जुन्या पुस्तकांत 265 छापले जाते, पण तो दिवस 8 फेब्रुवारी 266 चा.

प्रश्न : ‘सहा घराणी’ आणि ‘सोळा राज्ये’ एकाच काळाची कशी?

दोन्ही याद्या वेगवेगळ्या जागी उभे राहून केलेल्या आहेत. सहा घराणी म्हणजे वू, पूर्व जिन (उत्तर गमावून दक्षिणेत राहिलेले जिन), सुंग, छी, ल्यांग आणि छन. सहांचीही राजधानी एकच, आजचे नानजिंग. म्हणजे ही एका शहराची वंशावळ झाली. तिच्यात उत्तर चीन अजिबात नाही. तरी 220 ते 589 या सगळ्या काळाला ‘सहा घराणी’ म्हणायची पद्धत आहे. ती मला खटकते. अर्धा देश गाळून काळाला नाव देऊ नये. ‘वेई, जिन, दक्षिण व उत्तर राजवटी’ हे चिनी नाव लांबलचक आहे, पण प्रामाणिक आहे.

सोळा राज्ये उत्तरेतली (सिचुआनमधले एक सोडून), 304 ते 439 या काळातली. सोळा हा आकडा सहाव्या शतकातल्या त्स्वेई हुंग या इतिहासकाराच्या ग्रंथातून आला. प्रत्यक्षात राज्ये त्याहून जास्त होती. पश्चिम येन हे राज्य त्याच्या मोजणीत नाही. यातली ‘छिन’ नावाची राज्ये तीन: पूर्वकालीन, उत्तरकालीन आणि पश्चिम. ही विशेषणे इतिहासकारांनी लावलेली.

उत्तरकालीन छिन आपल्याला परके वाटू नये. चिनी बौद्ध भिक्षू फाहियान भारताकडे निघाला तो 399 मध्ये त्यांच्याच राजधानीतून, छांगआनमधून, आणि प्रवासाच्या आरंभाचे साल त्याने त्यांच्याच राजाच्या शकात लिहिले. बौद्ध पंडित कुमारजीव, ज्याचे वडील भारतातून मध्य आशियातल्या कुचाला गेलेले, 402 च्या सुरुवातीला छांगआनला पोहोचला आणि राजा याओ शिंगच्या आश्रयाने त्याने संस्कृत ग्रंथांची भाषांतरे केली. तळटीपेत ढकलले जाते ते हे राज्य.

प्रश्न : ‘पाच रानटी जमाती’ हा शब्द अजून वापरावा का?

नाही. उत्तरेत राज्ये उभारणाऱ्या ज्या लोकांना हे म्हटले जाते, त्यांची नावे शिओंगनू, ज्ये, शिएनबेई, दी आणि च्यांग अशी आहेत, तीच लिहावीत. मूळ शब्द ‘हू’ उत्तरेच्या व पश्चिमेच्या परक्यांना सरसकट लावला जाई. त्या काळात उत्तर आणि दक्षिण या दोन्ही बाजू एकमेकींना हिणवत होत्या, तेही अधिकृत इतिहासात: दक्षिणेच्या ग्रंथात तोबांचे प्रकरण ‘वेणीवाले कैदी’ या मथळ्याखाली, तर उत्तरेच्या ग्रंथात दक्षिणेचे सम्राट ‘बेटांवरचे रानटी’.

तांग काळातल्या ली दाशीला हेच सलत होते. दोन्हीकडचा इतिहास नव्याने लिहायचे त्याने मनावर घेतले, पण ते त्याच्या हयातीत झाले नाही. त्याचा मुलगा ली यानशौ याने 659 मध्ये काम पुरे केले आणि दोन ग्रंथांना सारखीच साधी नावे दिली: दक्षिणेचा इतिहास, उत्तरेचा इतिहास.