फ्रीलान्स फोटोग्राफी असिस्टंट म्हणून सुरुवात करताना आधी भारी कॅमेरा घ्यावा का?

तुम्ही कोल्हापुरात डिप्लोमा करून नुकत्याच मुंबईत आलात, जवळ साधा क्रॉप सेन्सर, म्हणजे लहान सेन्सरचा, कॅमेरा आहे. कर्ज काढून मोठ्या सेन्सरचा महागडा फुल फ्रेम घ्यावा का, काम कुणाकडे मागायचं आणि सुरुवातीला फुकट काम करावं का, असं तुम्ही विचारलंय.

कर्ज काढू नका. असिस्टंटचा कॅमेरा सेटवर बॅगेतून बाहेरही येत नाही. कॅमेरा फोटोग्राफरचा असतो आणि लाइट्स बहुतेक वेळा भाड्याने आणलेले असतात. तुमच्याकडे कमरेला लावायचा एक पाउच असू द्या. त्यात गॅफर टेप, कटर, मार्कर, चार-पाच क्लॅम्प, डबल ए सेल, छोटी टॉर्च आणि मायक्रोफायबरचं कापड. फोर्टात बोरा बाजारात एक चक्कर मारलीत तर यातलं बरंचसं मिळून जाईल. टेप मात्र गॅफरच घ्या. तो काढल्यावर चिकटा राहत नाही. स्टुडिओच्या फरशीवर साध्या टेपचे डाग पडले की बोलणी असिस्टंटलाच बसतात.

मी मुंबईत ज्वेलरी आणि प्रॉडक्ट शूट करते. त्याआधी बरीच वर्षं असिस्टंट होते, आता माझ्या शूटला कुणाला बोलवायचं हे मीच ठरवते. नवीन मुलामुलींकडे मी काय बघते ते सांगते, कारण काम मिळणं आणि पुन्हा बोलावणं येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रीलान्सरचं घर दुसऱ्या गोष्टीवर चालतं.

शूट चालू असताना फोटोग्राफरचं लक्ष फ्रेममध्ये असतं. क्लायंट मागे खुर्चीत बसून मॉनिटर बघतोय, स्टायलिस्ट काहीतरी विचारतेय. अशा वेळी ज्या गोष्टीकडे फोटोग्राफरला वळून बघावं लागलं नाही, ती असिस्टंटने केलेली असते. फ्लॅश पेटवणाऱ्या ट्रिगरचे सेल संपायच्या आधी बदलले. टेदरच्या, म्हणजे कॅमेरा कॉम्प्युटरला जोडणाऱ्या, केबलमध्ये कुणाचा पाय अडकणार नाही अशी ती टेबलाच्या पायाला टेपने बांधली. शटर चुकून सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणाऱ्या कमाल वेगाच्या, वर गेलं आणि फ्रेमच्या कडेला काळी पट्टी आली, तर ती मॉनिटरवर पहिल्यांदा तुम्हाला दिसायला हवी. बहुतेक कॅमेऱ्यांत ती मर्यादा १/२०० किंवा १/२५० असते. उद्याच्या शूटचा कॅमेरा कोणता आणि त्याची मर्यादा किती, हे आदल्या रात्रीच वाचून ठेवावं.

सी-स्टँड, म्हणजे लाइट वगैरे धरणारा तीन पायांचा स्टँड, लावायला शिका, अगदी नीट. त्याचे तीन पाय वेगवेगळ्या उंचीवर असतात. सर्वांत उंच पाय वजनाच्या दिशेला, म्हणजे आर्म (आडवा दांडा) जिकडे जातो तिकडे. वाळूची पिशवी त्याच पायावर, आणि ती जमिनीला टेकता कामा नये, अधांतरी लटकली तरच तिचं वजन कामाला येतं. वरच्या हेडची मूठ आपल्या उजव्या हाताला ठेवायची आणि आर्म समोर काढायचा, म्हणजे वजनाने आर्म खाली ओढला जाताना मूठ आणखी आवळली जाते. उलट लावलात तर तेच वजन ती हळूहळू सैल करतं, आणि खाली मॉडेल बसलेली असते. नवीन माणसाने पहिला स्टँड कसा उभा केला, हे मी लांबून बघत असते. दिवसभर त्याच्यावर किती विसंबायचं हे मला तिथेच कळतं.

ज्वेलरीत काम करायचं असेल तर काळे किंवा गडद करडे कपडे घालून या. पॉलिश केलेलं सोनं आरशासारखं सगळं दाखवतं, तुमचा लाल कुर्ता बांगडीच्या आतल्या बाजूला हमखास दिसणार. हातात सुती मोजे, खिशात ब्लोअर आणि बारीक चिमटा. एका अंगठीचा फोटो बऱ्याचदा एका क्लिकमध्ये होत नाही. पुढच्या हिऱ्यापासून मागच्या कडीपर्यंत सगळं शार्प हवं असतं, म्हणून फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फ्रेम काढतात आणि नंतर त्या जोडतात. त्या वेळात कुणी चालायचं नाही, टेबलाला हात लावायचा नाही. फ्लोअर लाकडी असेल तर पावलाच्या हादऱ्यानेही फ्रेम हलते. सगळ्यांना गोड शब्दांत जागेवर थांबवणं हेसुद्धा असिस्टंटचंच काम, आणि क्लायंटला थांबवायला धीटपणा लागतो.

आता हे शिकायचं कुठे? माझं ठाम मत आहे की पहिले काही महिने लाइट्स भाड्याने देणाऱ्या रेंटलमध्ये नोकरी करा. पगार कमी असेल, ओझं भरपूर असेल. पण गोदामात प्रोफोटो, गोडॉक्स, एलिनक्रोम अशा सगळ्या कंपन्यांचे लाइट रोज हाताखालून जातात. कुठली केबल कशाला लागते, कुठला सॉफ्टबॉक्स कुठल्या रिंगवर बसतो, हे कुठल्याही वर्गात इतकं पक्कं होत नाही. शिवाय सामानाबरोबर अटेंडंट म्हणून तुम्ही रोज नव्या सेटवर जाता. अंधेरी, लोअर परळ, महालक्ष्मी असं सगळीकडे फिरणं होतं आणि फोटोग्राफर तुम्हाला काम करताना बघतात. सेटवरच्या लाइट दादांशी आदराने वागा. प्रकाश अडवणारा काळा कटर कुठे लावायचा, प्रकाश परतवणारा थर्माकोल किती कोनात धरायचा, हे मला त्यांनीच शिकवलं.

त्याच्या जोडीला कॅप्चर वन या सॉफ्टवेअरमध्ये टेदरिंग आणि बॅकअप शिकून घ्या. फोल्डरला नाव देणं, कार्डवरचे फोटो दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवणं, दोन्ही कॉपी उघडून बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट न करणं, एवढं ज्याला डोळे झाकून जमतं त्याला काम कमी पडत नाही.

फोटोग्राफरला मेसेज करताना ‘तुमच्याकडे शिकायचं आहे’ असं लिहू नका. असे मेसेज सगळ्यांना येतात आणि तसेच पडून राहतात. तुम्ही राहता कुठे, कोणते लाइट हाताळलेत, टेदर करता येतं का, पुढच्या आठवड्यात कोणत्या तारखा मोकळ्या आहेत, एवढंच चार ओळींत. फर्स्ट असिस्टंट, म्हणजे फोटोग्राफरच्या मुख्य असिस्टंट, मंडळींनाही आवर्जून मेसेज करा. त्यांना तारीख जमली नाही की ते दुसऱ्या कुणाचं नाव सुचवतात, आणि निम्मी कामं अशीच मिळतात.

फुकट काम करू नका. ओळखीच्या कुणी पोर्टफोलिओसाठी टेस्ट शूट ठेवलं आणि त्यात कुणालाच पैसे मिळणार नसतील, तर जरूर जा. पण क्लायंट पैसे देतोय आणि असिस्टंटला मात्र ‘अनुभव’ मिळणार असेल, तर नम्रपणे नाही म्हणा. होकार देण्याआधी दर, शिफ्ट किती तासांची, त्यापुढचे ओव्हरटाइमचे पैसे, जेवण आणि कन्व्हेयन्स हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. पॅकअप उशिरा झालं तर घरी सोडायला गाडी मिळेल का, हेही आधीच विचारा. त्यात संकोच करण्यासारखं काहीच नाही, मी आजही विचारते.

पैसे उशिरा मिळणं हे या धंद्यातलं सगळ्यात मोठं दुखणं. एकटं काम करणाऱ्या माणसालाही उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करता येते. सरकारी पोर्टलवर ती मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचं बिल ठरलेल्या मुदतीत द्यावं लागतं. लेखी करार असला तरी ही मुदत ४५ दिवसांपुढे नेता येत नाही, आणि करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर व्याज लागतं. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि या मुदतीची एक ओळ छापा, कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांना ती बरोबर कळते. टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरा. उत्पन्न कराच्या कक्षेत येत नसेल तर ती रक्कम परत मिळते.

सेटवरचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी विचारा, दागिना बाजारात यायचा असतो. आणि जे फोटो काढायला तुम्ही मदत केलीत ते तुमच्या पोर्टफोलिओत घालू नका. ते तुमचे नाहीत. तुमचे फोटो सुट्टीच्या दिवशी तुमच्या त्याच क्रॉप सेन्सरवर काढा.

दिवाळीच्या कॅम्पेनची आणि कॅटलॉगची शूट्स गणपतीच्या आधीपासूनच रांगेने लागतात. तेव्हा माझ्यासकट सगळ्यांनाच असिस्टंट कमी पडतात. त्यामुळे रेंटलची नोकरी आत्ताच शोधा आणि मेसेज पाठवायला जूनमध्ये लागा.