मुलांना खो-खो शिकवणारे फुकट कोच दोन महिन्यांत गायब होतात, टिकवायचे कसे?

पैसे नाहीत म्हणून जातात असं वाटतं, पण बऱ्याचदा शिकवणं राहतं बाजूला आणि मैदानाची परवानगी, फी गोळा करणं, पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप सगळं त्याच माणसाच्या गळ्यात पडतं. ते दोन पालकांकडे द्या. आणि ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोली-वाशीला नोकरीला जाणाऱ्याला रोज सहाला मैदानात ये म्हणणं म्हणजे त्याला घालवायचीच तयारी, म्हणून दोन-तीन कोच ठेवून वार वाटून घ्या. रिक्षाचे पैसे न मागता द्या, मागायला लाज वाटते लोकांना. शाल-श्रीफळ वगैरे वर्षातून एकदा ठीक (त्याने कोणी टिकत नाही). टीममधल्या सतरा-अठराच्या पोरापोरींना आत्तापासूनच लहान्यांचा वॉर्मअप घ्यायला लावा, काही कॉलेजमुळे सुटतील, पण एखाद-दोन राहतातच.